चांदी भरण्याचे शास्त्र घडवणारे डॉ. ब्लॅक

मराठी घरांत एकेकाळी दातांच्या डॉक्टरांची पायरी चढण्याची कारणे दोनच असत. दाढ काढून घेणे किंवा दाढेत चांदी भरून घेणे. शाळा-कॉलेजच्या वयात अशी चांदी भरून घेतलेली पिढी आज साठीच्या आगेमागे आहे. या पिढीतील अनेकांच्या वाट्याला एक अनुभव येतो. जेवताना भातात खडा लागतो, किंवा एखादा टणक फुटाणा नेमका त्या जुन्या दाढेखाली सापडतो आणि मस्तकापर्यंत कळ जाते. कळ क्षणात ओसरते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. मग थंड पाण्याने ती दाढ झिणझिणू लागते, त्या बाजूने चावणे आपोआप बंद होते, आणि एके दिवशी साध्या पोळीच्या घासासरशी दाढेचा एक कोपरा तुटून हातात येतो. आश्चर्य हे की, चांदी जागच्या जागी असते. फुटलेला असतो तो दात.

ही चांदी कोणत्या धातूंच्या मिश्रणाची असावी आणि तिच्यासाठी दाढेत खड्डा कोणत्या आकाराचा कोरावा, या दोन्ही गोष्टींना शास्त्राचा पाया देणारे डॉ. ग्रीन वार्डिमन ब्लॅक हे अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे. दंतवैद्यकाच्या जगात ते आधुनिक दंतचिकित्सेचे जनक मानले जातात. दाताची ताकद कशात आहे आणि तो कोठे फुटतो, याचा इतका कसून विचार त्यांच्यापूर्वी क्वचितच कोणी केला असेल. आणि तरीही आज फुटणाऱ्या कित्येक दाढांच्या मुळाशी त्यांनीच घालून दिलेली पद्धत आहे. ब्लॅक यांचे चरित्र पाहताना हा विरोधाभास डोळ्यांआड करता येत नाही.

३ ऑगस्ट १८३६ रोजी इलिनॉयमधील विंचेस्टर या गावाजवळच्या एका शेतावर त्यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब त्याच राज्यातील व्हर्जिनिया गावाजवळ नव्या शेतावर राहायला गेले. शाळेत त्यांचे मन कधी रमले नाही. औपचारिक शिक्षण जेमतेम झाले. त्याऐवजी रानावनांत भटकणे, प्राणी-पक्षी न्याहाळणे, हाती येईल त्या वस्तूची रचना उलगडून पाहणे यांत त्यांचे दिवस जात. घरच्यांना या मुलाचे पुढे काय होणार, अशी चिंता वाटली असल्यास नवल नाही. सतराव्या वर्षी त्यांना डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे, थॉमस यांच्याकडे, वैद्यकी शिकण्यासाठी पाठवण्यात आले. तेथे वैद्यकाची पुस्तके आणि रुग्ण यांच्याशी त्यांचा पहिला परिचय झाला. १८५७ मध्ये ते माउंट स्टर्लिंग येथील डॉ. स्पिअर या दंतवैद्यांच्या हाताखाली काही महिने राहिले आणि तेवढ्या शिदोरीवर विंचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला. त्या काळच्या अमेरिकेत यात वावगे काहीच नव्हते. दंतवैद्यकाची महाविद्यालये मोजकी होती, परवान्याचा कायदा बहुतेक राज्यांत नव्हता, आणि सुतारकाम किंवा घड्याळदुरुस्ती शिकावी तसे लोक हा धंदा उमेदवारी करून शिकत.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्लॅक उत्तरेच्या फौजेत इलिनॉयच्या १२९व्या पायदळ पलटणीत दाखल झाले. टेहळणीच्या कामावर असताना गुडघ्याला दुखापत झाली, रुग्णालयात राहावे लागले आणि त्यांचे सैनिकी जीवन तेथेच संपले. याच काळात, १८६३ मध्ये, पहिल्या पत्नीचे निधन झाले. १८६४ मध्ये ते जॅक्सनव्हिल या गावी आले आणि नव्याने दवाखाना उघडला. पुढच्याच वर्षी त्यांचा दुसरा विवाह झाला. जॅक्सनव्हिलमधील वर्षे ही त्यांच्या खऱ्या शिक्षणाची वर्षे म्हटली पाहिजेत. दिवसा रुग्ण आणि रात्री रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शक, धातूंचे प्रयोग असा त्यांचा क्रम होता. ज्या शाळकरी मुलाला वर्गात बसवत नव्हते, तोच मुलगा आता स्वतःच स्वतःचा कडक मास्तर झाला.

त्या वेळी दातांची स्थिती काय होती, हे लक्षात घेतल्याशिवाय ब्लॅक यांच्या कामाचे मोल कळणार नाही. किडलेला दात वाचवायचा तर दोन मार्ग होते. एक सोन्याचा. सोन्याचा पातळ वर्ख थरावर थर देऊन, हातोडीने ठोकून खड्ड्यात बसवला जाई. काम उत्तम होई, पण ते तासन् तास चाले आणि श्रीमंतांनाच परवडे. दुसरा मार्ग चांदी आणि पाऱ्याच्या मिश्रणाचा. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाच्या बंधूंनी हे मिश्रण अमेरिकेत आणले. चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून ते दातात भरत, कित्येकदा आतली कीड न काढताच. १८४०च्या दशकात यावरून मोठे रण माजले. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या पहिल्या संघटनेने आपल्या सभासदांकडून हे मिश्रण न वापरण्याची लेखी हमी घेण्यास सुरुवात केली, आणि अखेर त्या वादातच १८५६ मध्ये ती संघटना मोडली. वादाचा धूर पाऱ्याच्या विषारीपणाचा होता. परंतु रोजच्या व्यवहारात रुग्णाला भोगावे लागे ते वेगळेच. काही मिश्रणे घट्ट होताना फुगत आणि दाताला आतून रेटत, प्रसंगी तडा देत. काही आकसत, आणि मग चांदी व दात यांच्यातील फटीत पुन्हा कीड शिरे. कोणते मिश्रण फुगेल आणि कोणते आकसेल, हे आधी कोणालाच सांगता येत नसे.

ब्लॅक यांनी या प्रश्नाला हात घातला तो बऱ्याच उशिरा, वयाच्या साठीकडे झुकताना. त्यापूर्वीची वीस-पंचवीस वर्षे त्यांनी दाताकडेच पाहण्यात घालवली. १८७०च्या सुमारास शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र त्यांनी तयार केले. सेंट लुईच्या दंतमहाविद्यालयात ते व्याख्याने देऊ लागले. १८८१ मध्ये इलिनॉयमध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. परीक्षा घेऊन परवाना देणाऱ्या राज्य मंडळाचे पहिले अध्यक्षही तेच झाले. स्वतः उमेदवारी करून दंतवैद्य झालेल्या माणसाने पुढच्या पिढीसाठी ती वाट बंद करावी, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. १८९० मध्ये त्यांचा मानवी दातांच्या शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक दाताची लांबी, रुंदी, उंचवटे, खाचा यांची मोजमापे त्यात इतक्या बारकाईने आली की, दंतवैद्यकाचे विद्यार्थी पुढे कित्येक वर्षे त्यावरच शिकले.

या निरीक्षणांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट दाताच्या वरच्या आवरणाविषयीची होती. दंतवल्क, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. काच कठीण असते आणि तरीही फुटते, तसेच काहीसे हे आहे. दंतवल्क अतिशय सूक्ष्म, एकमेकांना लागून उभ्या राहिलेल्या दांड्यांचे बनलेले असते. त्याखाली दंतिनाचा किंचित लवचीक आधार असतो. जोवर हा आधार आहे तोवर दंतवल्क चावण्याचा भार वर्षानुवर्षे सोसते. कीड आत शिरून दंतिन पोखरते, तेव्हा वरचे दंतवल्क आधाराविना लोंबकळत राहते आणि एखाद्या घासासरशी त्या दांड्यांच्या दिशेने चिरफाळते. लाकूड त्याच्या धाग्यांच्या दिशेने फुटावे तसे. कोणत्या दातावर, कोणत्या जागी हे दांडे कोणत्या कोनात उभे असतात, याचा ब्लॅक यांनी अभ्यास केला आणि त्यावरून नियम घालून दिला की, भरणाच्या कडेला आधार नसलेले दंतवल्क शिल्लक ठेवता कामा नये.

दातावर भार किती पडतो, हेही त्यांना मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी चाव्याची शक्ती मोजणारे उपकरण केले. दुसऱ्या एका उपकरणाने निरनिराळे खाद्यपदार्थ चिरडण्यास किती जोर लागतो, ते मोजले. एकीकडे जबड्याची ताकद आणि दुसरीकडे अन्नाचा टणकपणा, या दोहोंच्या मध्ये उभा असलेला दात हा एखाद्या पुलासारखा भार वाहणारा बांधकामाचा घटक आहे, ही दृष्टी त्यामागे होती. इलिनॉयमध्ये सुपारी नव्हती. अडकित्त्याने कातरलेले सुपारीचे खांड दिवसभर दाढेखाली फिरवणारा एखादा महाराष्ट्रीय त्यांना प्रयोगासाठी मिळाला असता, तर त्यांच्या तक्त्यांत एक उद्बोधक ओळ वाढली असती.

१८९५ आणि १८९६ मध्ये चांदीच्या मिश्रणावरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. मिश्रण घट्ट होताना होणारा अत्यंत सूक्ष्म बदल टिपणारे मापनयंत्र त्यांनी बनवले. चांदी, कथील, तांबे आणि जस्त यांची प्रमाणे बदलून एकामागून एक मिश्रणे तयार केली, प्रत्येकाचे फुगणे-आकसणे, भाराखाली दबणे, फुटणे मोजले. चांदीने मिश्रण फुगते आणि कथलाने आकसते, तेव्हा दोहोंचा तोल साधला पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले. सुमारे दोन तृतीयांश चांदी, चौथ्या हिश्शाच्या आसपास कथील आणि उरलेले थोडे तांबे व किंचित जस्त, अशा प्रमाणापाशी तो तोल साधत होता. आणखी एक चमत्कारिक बाब त्यांच्या ध्यानात आली. ताजा किसलेला मिश्रधातू एक वागणूक दाखवी आणि तोच काही दिवस ठेवल्यानंतर वेगळी. ऊब दिल्यास हा बदल लवकर घडवून आणता येतो, हेही त्यांनी शोधले. त्यामुळे प्रत्येक वेळी सारखेच वागणारे मिश्रण बनवणे शक्य झाले.

किरकोळ फेरफार वगळता हे प्रमाण १९६०च्या दशकापर्यंत जगभर टिकले. त्यानंतर तांब्याचे प्रमाण वाढवलेली अधिक मजबूत मिश्रणे आली. मुंबई-पुण्याच्या किंवा नाशिकच्या जुन्या दवाखान्यांत खलात पारा आणि चांदीची भुकटी घोटून, कापडातून जादा पारा पिळून काढणारे डॉक्टर ज्यांना आठवतात, त्यांनी ब्लॅक यांचाच वारसा प्रत्यक्ष पाहिला आहे.

मिश्रण साधले, तरी खड्ड्याचा आकार हा दुसरा प्रश्न उरला होता. हे मिश्रण दाताला चिकटत नाही. ते केवळ खड्ड्याच्या आकारामुळे जागेवर अडकून राहते. तेव्हा ब्लॅक यांनी सपाट तळाचा, सरळ भिंतींचा, पेटीसारखा खड्डा सांगितला. गोलसर तळावर भरण डुगडुगते आणि चावताना सरकते. सपाट तळावर ते पायावरच्या भिंतीसारखे ठाम बसते. कीड दाताच्या कोणत्या पृष्ठभागावर आहे, त्यानुसार त्यांनी खड्ड्यांचे पाच वर्ग पाडले. हत्यारांनाही त्यांनी आकड्यांची नावे दिली, म्हणजे पात्याची रुंदी, लांबी आणि कोन आकड्यांवरूनच कळावा. १९०८ मध्ये दंतशस्त्रक्रियेवरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला आणि ही सारी रचना एकत्र बांधली गेली.

पण याच रचनेत एक तत्त्व होते, ज्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. दाढेच्या माथ्यावरील खाचांत कीड एका ठिकाणी असली, तरी ती उद्या शेजारच्या खाचेत होणारच, हा त्या काळचा अनुभव होता. म्हणून खड्डा किडीपुरता न ठेवता निरोगी भागातही वाढवावा, त्याच्या कडा जीभ आणि अन्नाच्या घर्षणाने आपोआप स्वच्छ राहणाऱ्या जागेपर्यंत न्याव्यात, असे ब्लॅक यांनी १८९१ पासून प्रतिपादन केले. प्रतिबंधासाठी विस्तार, असे हे तत्त्व. त्यांच्या काळात ते शहाणपणाचेच होते. फ्लोराइडयुक्त पेस्ट नव्हती, दातांची निगा यथातथाच होती, आणि एकदा भरलेल्या दाताच्या कडेने पुन्हा कीड लागली की, दात काढण्यावाचून गत्यंतर नसे. ब्लॅक यांना दोष देणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. दोष द्यायचाच तर तो परिस्थिती बदलल्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ डोळे मिटून त्यांचा खड्डा कोरत राहणाऱ्या परंपरेकडे जातो.

दाढेच्या माथ्यावर चार-पाच उंचवटे असतात आणि पुढच्या-मागच्या कडांना त्यांना जोडणारे बांध असतात. हे बांध घागरीच्या काठासारखे दाढेला एकत्र धरून ठेवतात. दोन्ही बाजूंचे बांध कापून पुढून मागपर्यंत चर खणला की, दाढेचे गालाकडचे आणि जिभेकडचे असे दोन सुटे पंख होतात. मध्ये बसलेली चांदी त्यांना सांधत नाही. प्रत्येक घासाला ते पंख किंचित फाकतात आणि मिटतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असा संपूर्ण चर खणल्याने उंचवट्यांचा ताठपणा सुमारे ६३ टक्क्यांनी घटतो, असे आढळले. रूट कॅनालसाठी माथ्यावर पाडलेल्या छिद्राने मात्र ही घट जेमतेम ५ टक्के होती. दिवसाकाठी शेकडो घास आणि अशी वीस-तीस वर्षे, म्हणजे एक दिवस चराच्या तळाच्या कोपऱ्यातून बारीक भेग निघते आणि खाली सरकू लागते. ब्लॅक यांनी फुगणाऱ्या मिश्रणाचा धोका दूर केला. परंतु रुंद खड्ड्याने दुबळ्या झालेल्या भिंती मागे राहिल्या.

वैद्यकाला या भेगेची स्वतंत्र ओळख पटायला १९५४ आणि १९६४ ही वर्षे उजाडावी लागली. प्रथम उंचवटा तडकल्याने होणाऱ्या वेदनेचे वर्णन झाले आणि मग अमेरिकेतील डॉ. कॅमेरॉन यांनी तडा गेलेल्या दाताच्या लक्षणसमूहाला नाव दिले. तशी दात दुभंगण्याची वेदना आपल्याकडे अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत दातांच्या आठ रोगांमध्ये, दात फुटल्यासारखी तीव्र वेदना होणारा दालन आणि दात भंगणारा भंजनक, अशी दोन नावे येतात. कॅमेरॉन यांनी दाखवून दिले ते हे की, चावताना, विशेषतः चावा सोडताना, विजेसारखी चमकणारी कळ ही या भेगेची खूण आहे. चावल्यावर भेग उघडते, सोडल्यावर मिटते, आणि दंतिनातील सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलून आतील मज्जातंतू डिवचला जातो. रुग्णाला दाढ नेमकी दाखवता येत नाही. एक्स-रेमध्येही बहुधा काही दिसत नाही, कारण भेग पुढून मागे गेलेली असते आणि किरण तिला आडवे जातात. मग डॉक्टर एकेका उंचवट्यावर छोटी कांडी चावायला देतात, प्रखर प्रकाशझोत आडवा टाकतात किंवा रंग लावून पाहतात. प्रकाश भेगेपाशी अडतो आणि दाढेचा अर्धा भाग अंधारा दिसतो.

दाताला गेलेला तडा हाडासारखा सांधत नाही. दंतवल्कात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे आतून भरून येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उपचार हा भेगेला पुढे सरकू न देण्याचा असतो. वरवरच्या, न दुखणाऱ्या केसासारख्या रेषा मोठ्या माणसांच्या बहुतेक दातांवर असतात. त्यांना काही करावे लागत नाही. एक उंचवटाच तुटला असेल तर भरण किंवा कॅप पुरते. भेग खोल असेल तर दाढेला चहूबाजूंनी आवळून धरणारी कॅप बसवतात, म्हणजे पंख फाकणे थांबते. पिंपाच्या फळ्यांना बाहेरून लोखंडी कडे घालतात, त्यातलाच हा प्रकार. आतील गराला सूज येऊन दाढ रात्री-अपरात्री आपणहून ठणकू लागली की, आधी रूट कॅनाल करावे लागते. आणि भेग मुळापर्यंत पोहोचून दाढेची दोन शकले झाली तर बहुधा दाढ काढणेच हाती उरते. म्हणूनच पहिली कळ आली तेव्हाच डॉक्टरांकडे जाणे आणि चार-सहा महिने थांबून जाणे, यांत दाढ राहणे आणि जाणे एवढे अंतर पडू शकते.

भेग केवळ जुन्या चांदीमुळेच पडते असेही नाही. झोपेत करकरा दात खाणाऱ्यांच्या धडधाकट दाढाही तडकतात. आपल्याकडे दात खाण्याचा संबंध सरसकट जंतांशी लावण्याची चाल आहे. मोठ्या माणसांत त्याचे नाते ताणाशी आणि झोपेच्या बिघाडाशी अधिक असते. रात्री दातांवर चढवायची पारदर्शक पट्टी हा त्यावरचा साधा उपाय. बाकी बर्फ कडाकडा चावणे, बाटलीचे बूच दातांनी उघडणे, अक्रोड किंवा सुपारी दाढेने फोडणे हे हौसेचे प्रकार. मोसम नदीकाठच्या नामपूरपासून गोदाकाठच्या नाशिकपर्यंत उसाचे कांडे दातांनी सोलून खाण्यात पुरुषार्थ मानणारे कमी नाहीत. विशीत ते शोभते. पन्नाशीत, तेही जुनी चांदी भरलेल्या दाढेने, कोयता किंवा सुरी जवळ करावी हे बरे.

ब्लॅक यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध शिकागोत गेला. १८९१ मध्ये ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आले आणि १८९७ पासून मृत्यूपर्यंत तेथील दंतमहाविद्यालयाचे अधिष्ठाता राहिले. १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय मिलर पारितोषिकाचे पहिले मानकरी होण्याचा बहुमान त्यांना लाभला. मान-सन्मानांची यादी मोठी आहे. तिच्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, सत्तरी ओलांडल्यावरही त्यांनी एक अगदी नवा प्रश्न अंगावर घेतला.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये आला, तेव्हा तेथे वाढलेल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून चक्रावला. बहुतेकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. १९०९ मध्ये ब्लॅक स्वतः तेथे गेले. गावातील इतक्या मुलांचे दात डागाळलेले असावेत आणि दंतवैद्यकाच्या ग्रंथांत त्याचा उल्लेखही नसावा, याचा त्यांना धक्का बसला. पुढची सहा वर्षे ते मॅके यांच्यासोबत या कोड्यामागे लागले. डागाळलेल्या दातांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांनी दाखवले की, दोष दंतवल्काच्या घडणीतच आहे, म्हणजे दात हिरडीतून वर येण्यापूर्वीचा. आणखी एक विलक्षण गोष्ट दोघांच्या लक्षात आली. हे कुरूप दात किडत मात्र फारसे नव्हते. कारण पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड, हे १९३१ मध्ये सिद्ध झाले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना हे दुखणे चांगले परिचित आहे. तेथे पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडने दात डागाळतात, आणि आजार तीव्र असेल तर दंतवल्क ठिसूळ होऊन त्याचे टवके उडतात. योग्य प्रमाणातले फ्लोराइड मात्र कीड रोखते. याच ज्ञानातून पुढे फ्लोराइडयुक्त पेस्ट आली, कीड कमी झाली आणि निरोगी दात कोरून खड्डा वाढवण्याचे मूळ कारणच उरले नाही. स्वतःचे तत्त्व कालबाह्य करणाऱ्या शोधाची सुरुवात ब्लॅक यांच्याच सूक्ष्मदर्शकाखाली झाली होती. ती पूर्ण झालेली पाहण्यास ते राहिले नाहीत.

३१ ऑगस्ट १९१५ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी, बालपण गेले त्या व्हर्जिनिया गावाजवळच्या शेतावर त्यांचे निधन झाले. १९१८ मध्ये शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांचे पुत्र आर्थर यांनी पुढे त्याच महाविद्यालयाचे अधिष्ठातापद सांभाळले.

ज्या वर्षी ब्लॅक गेले, त्याच वर्षी मिसिसिपी नदीपलीकडच्या आयोवा राज्यातील विद्यापीठातून रफिउद्दीन अहमद हे बंगाली तरुण दंतवैद्य होऊन बाहेर पडले. त्यांनी १९२० मध्ये कोलकात्यात भारतातील पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले आणि १९२८ मध्ये दंतशस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये आले. कोलकाता, मुंबई, पुढे नागपूर, औरंगाबाद, नाशिक. जेथे जेथे महाविद्यालय निघाले, तेथे ब्लॅक यांचे खड्डे विद्यार्थ्यांनी प्लास्टरच्या मोठ्या दातांवर कोरले.

१९५५ मध्ये दंतवल्कावर सौम्य आम्ल लावून त्याला राळ चिकटवता येते, असा शोध लागला आणि दाताच्या रंगाचे, दाताला चिकटणारे भरण शक्य झाले. चिकटणाऱ्या भरणाला पेटीसारखा खड्डा लागत नाही. कीड काढली की पुरते, आणि निरोगी दात जितका जास्त राखावा तितका तडा जाण्याचा धोका कमी. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता कराराने चांदीच्या उतरंडीला वेग आला. युरोपीय संघाने २०२५ पासून मोजके अपवाद सोडून तिच्यावर बंदी घातली. भारतातही शहरी दवाखान्यांतून चांदी बरीचशी हद्दपार झाली आहे. ज्यांच्या दाढांत ती वर्षानुवर्षे बिनतक्रार बसली आहे, त्यांनी मात्र केवळ भीतीपोटी ती उकरून घेण्याचे कारण नाही. कडा उचकटल्या आहेत का, भिंती पातळ झाल्या आहेत का, एवढे वर्षातून एकदा दाखवून घ्यावे.

नाशिकच्या पंचवटीतील दंतमहाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना आजही परीक्षेसाठी ब्लॅक यांचे वर्ग पाठ करावे लागतात. पुस्तकांत मात्र आता पाचऐवजी सहा वर्ग असतात. सहावा ब्लॅक यांचा नव्हे. तो नंतरच्या लोकांनी जोडला. दाढांच्या उंचवट्यांची टोके आणि पुढच्या दातांच्या कडा, म्हणजे झिजण्याच्या आणि फुटण्याच्या नेमक्या जागा, त्या वर्गात येतात.